आधी काम, मग कॉलेज

गार्लंड हे नॉर्थ कॅरोलायनाच्या सॅम्पसन काउंटीतलं एक छोटं गाव. गेल्या शतकाच्या मध्यावर तिथे डॉ. एमॉस जॉन्सन यांचा दवाखाना होता आणि त्या दवाखान्यात हेन्री ली ट्रेडवेल नावाचा मदतनीस होता. गाव त्याला बडी म्हणायचं. वैद्यकाची कसलीही पदवी नसलेल्या या माणसाला जॉन्सननी हाताखाली ठेवून शिकवलं. जखम शिवणं, रक्त-लघवी तपासणं, एक्स-रे काढणं, कुठला रोगी थांबू शकतो आणि कुठला नाही हे ओळखणं, हे सगळं तो करायचा. जॉन्सन जनरल प्रॅक्टिशनर मंडळींच्या राष्ट्रीय संघटनेतलं बडं प्रस्थ, त्यामुळे बैठका आणि परिषदांसाठी सतत बाहेरगावी. ते निर्धास्त जात, कारण मागे बडी असायचा. बडी काळा होता आणि दक्षिणेत शाळेपासून बसच्या बाकापर्यंत सगळं गोऱ्या-काळ्यांचं वेगळं असण्याचा तो काळ होता.

मराठी वाचकाला हा माणूस वेगळा समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे त्याला कंपाउंडर म्हणत. माझे वडील, आप्पा, बार्शीत एका डॉक्टरसाहेबांकडे कंपाउंडर होते. मिक्श्चरच्या बाटलीला डोसाच्या खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवणं हे त्यांचं कागदोपत्री काम. प्रत्यक्षात सुया उकळण्यापासून प्लॅस्टर कापण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे, आणि डॉक्टरसाहेब पंढरीला गेले की पेशंट "आप्पा, बघा की जरा" म्हणून बाकावर बसून राहायचे. आप्पा बघायचे. कायद्याच्या हिशेबात ते कुणीच नव्हते. ट्रेडवेलही नव्हता. पण ट्रेडवेलच्या दवाखान्यापासून काही तासांवर, डरॅम शहरातल्या ड्यूक विद्यापीठात, एका माणसाच्या कानावर त्याची कीर्ती गेली आणि तिथून एक नवा पेशा उभा राहिला. आप्पांच्या बाबतीत तसं काही झालं नाही.

हे सगळं शोधायला निमित्त झालं ते लेकीच्या अर्जाचं. आम्ही डरॅमजवळ राहतो, मी इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करते आणि माझी मुलगी फिजिशियन असिस्टंटच्या शाळेच्या मागे लागली आहे. हा पेशा म्हणजे काय, हे मला बार्शीच्या नातेवाइकांना फोनवर पुन्हापुन्हा सांगावं लागतं. रोगी तपासतो, निदान करतो, तपासण्या सांगतो, औषध लिहून देतो, ऑपरेशनमध्ये सर्जनला हात देतो. पण डॉक्टर नसतो, डॉक्टरांबरोबर काम करतो. पदवीनंतर साधारण दोन-अडीच वर्षांचं शिक्षण. आज अमेरिकेत असे पावणेदोन लाखांहून जास्त लोक आहेत आणि तीनशेच्या आसपास शाळा.

या शाळांच्या अर्जात एक रकाना आहे, जो पाहून मी पहिल्यांदा चक्रावले. रुग्णसेवेचे तास. म्हणजे शाळेत यायच्या आधी तुम्ही पगार घेऊन, स्वतःच्या हाताने, किती तास रोग्यांची सेवा केलीत? कुठे पाचशे मागतात, कुठे हजार, कुठे दोन हजार. आपल्याकडे एमबीबीएसला जाणाऱ्या मुलाने आयुष्यात कधी रोग्याच्या अंगाला हात लावलेला नसतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आधी प्रवेश परीक्षा, मग पुस्तकं, मग वॉर्ड. इथे नेमकं उलट. हा रकाना आला कुठून, याचं उत्तर शोधायला गेलं की थेट 1965 सालात जावं लागतं.

त्या काळात अमेरिकेत डॉक्टरांची टंचाई होती, आणि होते ते स्पेशालिस्ट होण्याच्या मागे. खेड्यातला जुना डॉक्टर म्हातारा झाला की त्याच्या जागी नवा यायचा नाही. 1961 मध्ये डॉ. चार्ल्स हडसन यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लिहिलं की, डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवलेल्या माणसांकडे काही वैद्यकीय कामं सोपवायला काय हरकत आहे? तेव्हा यावर कुणी काही केलं नाही. केलं ते ड्यूकमधल्या युजीन स्टेड यांनी.

ट्रेडवेलची कीर्ती ज्यांच्या कानावर गेली, ते हेच स्टेड ड्यूकच्या मेडिसिन विभागाचे प्रमुख होते. महायुद्धाच्या वेळी ते अटलांटात एमरी विद्यापीठात होते. तरणे डॉक्टर युद्धावर गेले आणि वॉर्ड सांभाळायला उरले विद्यार्थी. त्या पोरांनी घाईघाईच्या अभ्यासक्रमावर काम निभावून नेलं, हे स्टेड यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. माणूस कमी वेळात तयार होऊ शकतो, फक्त तो रोग्याजवळ तयार झाला पाहिजे, हे त्यांच्या मनात तिथेच पक्कं झालं असावं.

त्यांचा पहिला प्रयत्न मात्र नर्सवर होता. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात बोचतो. थेल्मा इंगल्स या ड्यूकमधल्या नर्सिंगच्या प्राध्यापक. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला त्यांनी स्टेड यांच्याबरोबर राहून वैद्यक शिकून घेतलं आणि मग दोघांनी मिळून नर्सेससाठी वरच्या दर्जाचा क्लिनिकल अभ्यासक्रम सुरू केला. नर्सिंग शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता नाकारली. नर्सेसना वैद्यक डॉक्टरांनी शिकवायचं, हेच त्यांना पटलं नाही. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं होतं. किती पिढ्या खपवून त्यांनी आपला पेशा डॉक्टरांच्या मुठीतून सोडवत आणला होता. पण परिणाम असा झाला की स्टेड यांनी बायकांकडे पाठ फिरवली आणि पुरुष शोधायला लागले.

पुरुष सापडले लष्करात. अमेरिकी नौदलात 'हॉस्पिटल कोरमन' असतात. जहाजावर किंवा आघाडीवर डॉक्टर नसेल तिथे रक्तस्राव थांबवणं, सलाइन लावणं, जखम बांधणं, मॉर्फिन देणं हे त्यांचं काम. नोकरी संपवून हे लोक घरी आले की त्यांच्या हातातल्या या कसबाला बाजारात किंमत शून्य. फार तर वॉर्डबॉय व्हायचं. व्हिएतनामचं युद्ध पेटत होतं आणि असे हजारो लोक परतणार होते. स्टेड यांनी त्यातले चार निवडले आणि 1965 च्या ऑक्टोबरात वर्ग सुरू केला. दोन वर्षांचा अभ्यास: आधी वर्गात शास्त्र, मग वॉर्डात फिरती. 6 ऑक्टोबर 1967 रोजी तिघे बाहेर पडले. व्हिक्टर जर्मिनो, केनेथ फेरेल, रिचर्ड शीली. हातात पदवी नव्हती, एक प्रमाणपत्र होतं. 6 ऑक्टोबर हा स्टेड यांचा वाढदिवस. आजही या पेशाचा वार्षिक आठवडा त्या तारखेला सुरू होतो.

आता त्या रकान्याकडे वळते. या चौघांना कुणी तास विचारले नाहीत, कारण विचारायची गरजच नव्हती. आधीचा अनुभव हीच त्यांची लायकी होती. अभ्यासक्रमच त्या गृहीतावर बेतला होता की समोर बसलेल्या माणसाने रक्त पाहिलं आहे, रोग्याला उचललं आहे, रात्रपाळी केली आहे; आपण फक्त त्यामागचं शास्त्र भरायचं. एवढं हाताशी असेल तरच दोन वर्षांत काम होतं. पुढे कोरमन मागे पडले, कॉलेजातली मुलं-मुली आली, पण अभ्यासक्रमाची लांबी साधारण तीच राहिली. मग त्यांना सांगावं लागलं की बाबांनो, ते जे युद्धात शिकून आले ते तुम्ही कुठेतरी शिकून या. हा रकाना म्हणजे त्या चार खलाशांची उधारी आहे, आणि ती अजून फिटलेली नाही.

सुरुवातीची वर्षं मोठी झटापटीची होती. 'लुक' मासिकात 1966 साली लेख आला आणि ड्यूकचा प्रयोग देशभर कळला. नर्सेसच्या संघटना आणखी भडकल्या. 1968 मध्ये प्रेन्टिस हॅरिसन हे पहिले काळे फिजिशियन असिस्टंट बाहेर पडले. जॉइस निकोल्स ड्यूकच्या हॉस्पिटलमध्येच प्रॅक्टिकल नर्स होत्या. लष्करातल्या पुरुषांसाठी काढलेल्या या वर्गात त्यांनी अर्ज टाकला, शिरल्या, आणि 1970 मध्ये या पेशातली पहिली बाई म्हणून बाहेर आल्या. त्यांच्याकडेही तासच होते, फक्त ते जहाजावरचे नव्हते, वॉर्डातले होते. नंतर त्या डरॅमजवळच्या ग्रामीण भागात गरिबांच्या दवाखान्याच्या कामात राहिल्या.

तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिअ‍ॅटलमध्ये, डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी 1969 मध्ये 'मेडेक्स' सुरू केलं. मला स्टेडपेक्षा स्मिथ जास्त आवडतात. त्यांनी आधी गावोगावच्या दमलेल्या डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, तुम्हाला माणूस हवाय का? विद्यार्थी निवडताना या डॉक्टरांनाही बसवलं. पहिल्या वर्गात पंधरा जण, सगळे लष्करातून आलेले. काही महिने विद्यापीठात, आणि उरलेला सगळा काळ ज्या डॉक्टरकडे पुढे काम करायचं त्याच्याच दवाखान्यात. थोडक्यात, जॉन्सन आणि ट्रेडवेल यांची जोडी पद्धतशीरपणे जुळवायची. वधूवरसूचक मंडळच म्हणा. मेडेक्स आजही चालू आहे आणि आजही अर्जदाराकडे दोन हजार तास मागतं.

मग कायदे आले. 1971 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने वैद्यक कायद्यात या पेशासाठी सवलत घातली. अशी तरतूद करायला मिसिसिपीने 2000 साल उजाडू दिलं. 1973 मध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली. या परीक्षेत एक खिडकी उघडी होती. शाळेत न जाता, एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली शिकून तयार झालेल्यालाही, पुरेसा अनुभव दाखवून, परीक्षेला बसता यायचं. म्हणजे एखाद्या बडी ट्रेडवेलला रीतसर शिक्का मिळण्याची सोय होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती बंद झाली. तिथून पुढे शाळेशिवाय वाट नाही. मग प्रमाणपत्राची बी.एस. झाली, बी.एस.ची मास्टर्स झाली, आणि 2020 पर्यंत सगळ्या शाळांनी मास्टर्सच द्यायची असा नियम झाला. कम्युनिटी कॉलेजातल्या स्वस्त शाळा एक तर मोठ्या विद्यापीठाला जोडल्या गेल्या किंवा संपल्या. आता अनेक शाळांची फी लाखभर डॉलरच्या घरात आहे.

हे वाईट झालं असं मी सरसकट म्हणणार नाही. 1965 साली औषधं होती किती आणि आज आहेत किती! मला रक्तदाबाची गोळी लिहून देणाऱ्याने औषधशास्त्र कसून वाचलेलं असावं, असं मलाही वाटतं. पण हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडावा. पदवी नसलेल्या, हाताला काम येणाऱ्या माणसासाठी काढलेल्या या वाटेवर पहिला फलक आता पदवीचा आहे. तास दुसऱ्या नंबरला.

अर्जाचं आजचं रूप सांगते. 2001 पासून 'कॅस्पा' नावाची केंद्रीय व्यवस्था आहे: अर्ज एकदा भरायचा, हव्या तितक्या शाळांना धाडायचा, प्रत्येक शाळेमागे फी मोजायची. एप्रिलच्या शेवटाकडे नवा हंगाम उघडतो. पुष्कळ शाळा अर्ज येतील तसे वाचतात, त्यामुळे शेवटच्या तारखेपर्यंत वाट पाहणारा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. ज्या ज्या कॉलेजात एखादा विषय जरी घेतला असेल तिथली गुणपत्रिका हवी. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन, संख्याशास्त्र, मानसशास्त्र हे विषय झालेले हवेत, आणि प्रत्येक शाळेची यादी शेजारच्या शाळेपेक्षा एका विषयाने वेगळी. मुलीने यासाठी एक तक्ता केला आहे. तो पाहून मला आमच्याकडच्या लग्नातल्या आहेराच्या वहीची आठवण होते. मग शिफारसपत्रं. आणि 'मला हाच पेशा का' हे पाच हजार अक्षरांच्या आत, मोकळ्या जागा धरून.

तासांचे रकाने एकाहून जास्त. रोग्याचा रक्तदाब घेतला, जखम धुतली, त्याला आंघोळ घातली, तर तो रुग्णसेवेचा तास. हॉस्पिटलच्या काउंटरवर फोन घेतले, नमुने प्रयोगशाळेत पोचवले, तर तो नुसता आरोग्यक्षेत्राचा तास, आणि त्याला भाव कमी. आमच्या बाईसाहेबांच्या कॉलेजातल्या उन्हाळी सुट्ट्या सगळ्या दुसऱ्या रकान्यात गेल्या. म्हणून तिने नर्सिंग असिस्टंटचा छोटा कोर्स केला, राज्याची परीक्षा दिली आणि एका वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये लागली. काही जण अँब्युलन्सवर जातात, काही रक्त काढायला शिकतात, काही दवाखान्यात मेडिकल असिस्टंट होतात.

तिथे तिला रोग्याला कुशीवर वळवायला शिकवलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी वळवायचं असतं, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचेला जखमा होतात. रोग्याखाली एक आडवी चादर असते. दोन्ही बाजूंनी तिच्या गुंडाळ्या करून धरायच्या आणि एका दमात उचलायचं, ओढायचं नाही. ओढलं तर कातडी सोलवटते. पिंढरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायची. कुठे लाल दिसलं तर बोटाने दाबून बघायचं: दाबल्यावर पांढरं पडलं तर ठीक, लालच राहिलं तर नर्सला हाक मारायची. हे तिला शिकवणाऱ्या बाई माझी मुलगी जन्मली त्याच्या आधीपासून हे काम करताहेत. त्या खोलीत शिरतानाच वासावरून सांगतात की लघवीला जंतुसंसर्ग झालाय. प्रयोगशाळेचा कागद नंतर येतो. यांचे तास मोजले तर एका अख्ख्या वर्गाला वाटून उरतील. पण शाळा बारावीपर्यंतची. कधी अर्जाचा विचार केला होता का, असं मुलीने विचारलं तर हसल्या आणि म्हणाल्या, बाळा, पलीकडची बाजू धर.

डॉक्टरकीची एक मधली पायरी एकेकाळी आपल्याकडेही होती. आप्पांच्या डॉक्टरसाहेबांच्या पाटीवर एल.सी.पी.एस. अशी अक्षरं होती. लहानपणी मला ती एम.बी.बी.एस.पेक्षा मोठी वाटायची. ही मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची कमी वर्षांची सनद. स्वातंत्र्याआधी आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालानुसार देशातल्या 47,524 नोंदणीकृत डॉक्टरांपैकी 29,870 असे लायसेन्शिएट होते. म्हणजे खेड्यातला डॉक्टर म्हणजे बहुतेक वेळा हाच. समितीने ठरवलं की यापुढे एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर हवा. काही सदस्यांनी असहमती नोंदवली, पण निर्णय झाला आणि ते वर्ग बंद होत गेले. पुढे वीस वर्षांनी, आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त डॉक्टर असलेल्या अमेरिकेने मधली पायरी मुद्दाम बांधायला घेतली. योगायोग असा की चीनमधले, थोडकं शिकवून खेड्यात कामाला लावलेले 'अनवाणी डॉक्टर'ही त्याच 1965 च्या आसपासचे. आपल्याकडे 1970 मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. ते काम जगभर वाखाणलं गेलं, पण त्याचा सरकारमान्य पेशा झाला नाही. फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम भारतात 1992 मध्ये चेन्नईला डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने आला, तोही हृदयशस्त्रक्रियेच्या दालनातून. 2021 च्या केंद्रीय कायद्यात या पेशाचं नाव आलं, तोवर आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

इथे अमेरिकेत लष्कराने आपल्या माणसांसाठी स्वतःची सोय ठेवली आहे. टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला सगळ्या दलांची मिळून एक शाळा आहे. आणि आमच्या शेजारी चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने 2016 मध्ये जी शाळा काढली, ती निवृत्त सैनिक, त्यातही फोर्ट ब्रॅगचे वैद्यकीय सार्जंट डोळ्यांसमोर ठेवून. पदवी मात्र चॅपल हिललाही लागते.

मुलीला आता तिसऱ्या शिफारसपत्राची चिंता आहे. ते तिचं काम पाहिलेल्या डॉक्टरचं किंवा फिजिशियन असिस्टंटचं हवं, आणि नर्सिंग होममध्ये डॉक्टर क्वचित फिरकतात. दर गुरुवारी एक फिजिशियन असिस्टंट राउंडला येतात; इराकमध्ये लष्करी मेडिक होते, नंतर शिकले. तिने त्यांना पत्र मागितलं. ते म्हणाले, देईन, पण अजून मी तुला काम करताना पाहिलेलं नाही. महिनाभर माझ्याबरोबर फीर, प्रत्येक रोग्यापाशी मी विचारेन ते सांग, मग बघू. गुरुवार तिच्या सुट्टीचा वार होता. तिने तो बदलून घेतला आहे.